अठ्ठावन्न हजारावरचे प्लग

शनी अमावस्या आली की काकासाहेब आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानाचं शटर ओढून शिंगणापूरला जातात, हे काष्टीतल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक होतं. अजिनाथलाही ठाऊक होतं. पण त्या शनिवारी सकाळी ते त्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

अजिनाथचं गॅरेज दौंड रस्त्याला, बाजारतळापासून चार पावलांवर. बारा वर्षांत त्यानं एक नाव कमावलं होतं. गाडीतला कुठलाही पार्ट बदलला की जुना पार्ट तो फडक्यात पुसून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "घरी न्या न्हाईतर फेकून द्या, पण बघा एकदा," म्हणायचा. त्यामुळं शाळेतले मास्तर, बँकेतले साहेब, कांद्याचे व्यापारी, सगळे डोळे झाकून त्याच्याकडं गाड्या लावत.

सत्यशीलाबाई त्यातल्याच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. अजिनाथची पोरगी मोनिका त्यांच्याच वर्गात, सातवीला. बाईंचे मिस्टर जाऊन दहा वर्षं झाली होती. पन्नाशीला आल्यावर त्या हट्टानं गाडी शिकल्या आणि एक छोटी पांढरी पेट्रोलची गाडी घेतली. माहेर पार अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढं डोंगरात. म्हाताऱ्या आईकडं जायला गाडी हवी म्हणून. गाडीचं सगळं त्या एका वहीत लिहून ठेवायच्या. ऑइल किती किलोमीटरला बदललं, टायर कधी फिरवले, सगळं तारखेसकट, सुंदर अक्षरात.

त्या शनिवारी बाई आल्या तेव्हा गाडी अठ्ठावन्न हजार पळाली होती.

"अजिनाथभाऊ, पुस्तकात लिहिलंय, स्पार्क प्लग चाळीस हजाराला बदलायचे. आपले बदललेच नाहीत."

"न्हाई बदलले," अजिनाथ म्हणाला. "चाळीसला बदलायचेच असत्यात, बाई. गाडी पळती म्हणून मानूस ध्यान देत न्हाई. बदलून टाकू."

"मला बाराला नगरला प्रशिक्षणाला पोचायचंय. तेवढ्यात होईल ना?"

"अर्ध्या तासाचं काम हाय."

बाई बाजारातून भाजी घेऊन येते म्हणून गेल्या. अजिनाथनं बॉनेट उघडलं, वरच्या कॉइल काढल्या, तिन्ही प्लग खोलले. टोकं झिजून बोथट झालेली, मधली फट वाढलेली. मग त्यानं नवे आणायला म्हणून मोटारसायकलवर टांग टाकली आणि काकासाहेबांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. शटर खाली. कुलपाला लिंबू-मिरची लटकलेली. तेव्हा त्याला अमावस्या आठवली. या गाडीचे प्लग गावातल्या दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळत नव्हते. श्रीगोंद्याला जाऊन यायचं म्हणजे तास-दीड तास.

तो परत आला. जुनेच प्लग ब्रशनं घासले, पत्ती घालून फट बसवली आणि लावून टाकले. गाडी चालू केली. आवाज एकसारखा आला. आठवडाभर काय धाड भरत नाही, बाई आल्या की सांगू, पुढल्या शनिवारी नवे टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

बाई घाईघाईनं आल्या, हातात दोन पिशव्या. "झालं?"

"झालं," अजिनाथ म्हणाला.

त्या एका शब्दावर न थांबता पुढचं बोलायला हवं होतं. पण बाकड्यावर दोन व्यापारी बसले होते आणि त्यातला एक म्हणाला, "बगा, बोलला तेवढ्या येळात करून दावतो का न्हाई आपला अजिनाथ!" बाई हसल्या. अजिनाथही हसला. बाईंनी ठरलेले पैसे त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, "आणि जुने कुठायत? द्या की, तुमची पद्धतच आहे ना."

अजिनाथ वळला. भंगाराच्या डब्यात हात घातला. दुसऱ्याच कुठल्या गाडीचे तीन जळके प्लग होते, ते पुसले आणि बाईंच्या हातात दिले. काळजात कुठंतरी बारीक टोचलं, पण गाडी रस्त्याला लागली आणि पुढच्या कामात ते विरून गेलं. पुढच्या शनिवारी बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी तो स्वतःच विसरला. बाईंनी मात्र त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं होतं: *अठ्ठावन्न हजार. प्लग बदलले.*

---

जानेवारी सरता सरता एका दुपारी अजिनाथचा फोन वाजला. बाईंचा होता. गॅरेजवर तेव्हा तीन माणसं बसलेली.

"अजिनाथभाऊ, मी राजूरला आहे, इथल्या गॅरेजात. गाडीनं चढावर फार त्रास दिला. हे वैजनाथ म्हणतात की प्लग गेलेत, आणि ते कधी बदललेच नाहीत. मी म्हटलं, शक्यच नाही. आमचे मेकॅनिक खोटं बोलत नाहीत. तुम्हीच सांगा यांना. फोन स्पीकरवर आहे."

अजिनाथच्या हातात पाना होता, तो त्यानं खाली ठेवला. पलीकडून बाप्याचा आवाज आला, "दादा, नमस्कार. मी वैजनाथ. कसंय, सपाटीला कळत न्हाई, पन चढाला वझं आलं की ठिनगी चुकती. ह्ये प्लग काय आठ हजार पळाल्यालं न्हाईत, साठीच्या पुढचं हायेत. का मग डुप्लिकेट माल आला व्हता तुमच्याकं?"

त्यानं काही डाव म्हणून विचारलं नव्हतं. एका कारागिरानं दुसऱ्याची अब्रू राखायला वाट दिली होती. आणि अजिनाथ त्या वाटेनं गेला.

"तसंच आसंल," तो म्हणाला. "आजकाल डुप्लिकेट लई येतंय."

"कुठून घेतले होते?" बाईंनी विचारलं.

"आपल्या काकासाहेबांकडनं."

त्यानं फोन ठेवला. बाकड्यावरचा एक म्हणाला, "काकासाहेबबी आता डुप्लिकेट विकाय लागलं व्हय?" अजिनाथनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडीखाली शिरला. तिथं त्याला काहीच काम नव्हतं.

---

पुढचा शनिवार बाजाराचा. उन्हं वर आली तेव्हा बाईंची गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. बाई उतरल्या त्या थकलेल्या दिसत होत्या, डोळ्यांखाली काळं. हातात नव्या प्लगांची खोकी.

"हे बसवा. वैजनाथनं तात्पुरते जुने टाकून दिलेत. काकासाहेबांकडूनच आले आत्ता. मी चांगलं सुनावलं त्यांना."

"काय म्हनालं ते?" अजिनाथनं खाली बघतच विचारलं.

"काय म्हणणार? वैजनाथनं काढलेले तिन्ही प्लग त्यांच्यासमोर ठेवले. बाजाराची गर्दी, दहा-बारा लोक उभे होते. म्हटलं, या वयात असला माल विकता? त्यांनी प्लग हातात घेतले, फिरवून बघितले. म्हणाले, चूक झाली बाई, माल खराब आला असंल. हे नवे दिले, पैसे घेतले नाहीत."

अजिनाथनं बॉनेट उघडलं. हात आपोआप काम करत होते. काकासाहेबांनी चाळीस वर्षं पार्ट विकले होते. खोक्यावरचा छाप बघून अस्सल-नक्कल ओळखायला अजिनाथला त्यांनीच शिकवलं होतं. कंपनीतून गाडीबरोबर बसून आलेला प्लग ते अंधारात बोटानं ओळखतील.

"एवढं बोलायला नको होतं कदाचित," बाई म्हणाल्या. "पण माझा जीव जळत होता, भाऊ. तुम्हाला फोनवर सगळं सांगितलं नाही. आई पडली होती. खुबा मोडला. मी दोन दिवसांसाठी गेले होते म्हणून बरं. अँब्युलन्स दुसरीकडं गेलेली, यायला दोन तास लागतील म्हणाले. म्हणून मी आणि कानिफनाथनं, माझ्या भावानं, तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. चढ लागला की गाडी हिसके द्यायची. हिसका बसला की आई ओरडायची. मला वाटलं मीच नीट चालवत नाही. आई म्हणायची, 'सत्या, हळू गं, हळू गं बाय.' मी कितीही हळू चालवली तरी हिसके थांबेनात. राजूर येईपर्यंत ती ओरडायचीही थांबली. नुसते डोळे मिटून, दात आवळून पडली होती. तिथून मग जीपनं संगमनेरला नेलं. गाडी न्यायला राजूरला परतले, तेव्हा तुम्हाला फोन केला."

अजिनाथ दुसरा प्लग बसवत होता. त्यानं तो पुन्हा काढला, टोक नीट आहे का बघितलं, परत बसवला.

"आता?" त्यानं कसंबसं विचारलं.

"ऑपरेशन झालं. पुढच्या आठवड्यात तिला इकडंच आणतेय. म्हणून गाडी नीट हवी."

आत्ता सांग, असं त्याला आतून कुणीतरी ढोसत होतं. त्यानं तिन्ही कॉइल बसवल्या, गाडी चालू केली, बॉनेट लावलं. बाईंनी मजुरी विचारली तर त्यानं नुसते हात हलवले. बाईंना वाटलं, आईचं ऐकून याचं मन भरून आलं. जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही बाया एकट्या गाड्या घेऊन फिरतो."

त्या दिवशी अजिनाथला जेवण गेलं नाही. बायको विजयमालानं दोनदा विचारलं, तर कंबर दुखतीये म्हणाला. आणखी एक खोटं.

---

चार दिवस त्यानं काकासाहेबांच्या दुकानाकडं जायचं टाळलं. पण गॅरेजवाल्याला पार्टच्या दुकानाशिवाय किती दिवस निघणार? बुधवारी तो गेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकासाहेब चष्मा कपाळावर चढवून बेअरिंगची खोकी लावत होते.

"काका," अजिनाथ म्हणाला.

"बोल. काय पायजे?"

"काय न्हाई पायजे."

काकासाहेबांनी खोकं मांडणीवर ठेवलं, दुसरं घेतलं. अजिनाथ काउंटरच्या कडेला अंगठ्याचं नख घासत उभा राहिला.

"तुमी प्लग बघितलं ना बाईंचं?"

"बघितलं."

"मग तुमाला कळलंच आसंल."

"कंपनीतनं बसून आल्यालं हुतं. अन् बाईंनी तारीखबी वहीतली वाचून दावली." काकासाहेब अजून त्याच्याकडं बघत नव्हते. "त्या दिवशी आमी सकाळपासनं शिंगनापूरला रांगंत हुतो. दुकानाला कुलूप."

"मग बोलला का न्हाई, काका?"

आता काकासाहेबांनी चष्मा खाली घेतला आणि त्याच्याकडं बघितलं. रागावलेले दिसत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्या तुजं नाव राखलं आसं समजू नकू," ते म्हणाले. "ती बाई तुज्यावर इस्वास टाकून बोलत हुती. दहा मानसांत तिला येडं ठरवायला माजी जीब उचलली न्हाई, येवढंच. तिच्या तोंडाकडं बघून गप बसलो, तुज्या न्हाई."

अजिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं. बाहीला ग्रीस होतं, ते गालाला लागलं.

"मी चुकलो, काका. मुद्दाम न्हाई. तुमचं दुकान बंद हुतं, मनलं पुढच्या शनवारी..."

"मला कशाला सांगतो? मला ठावं हाय. ज्याला न्हाई ठावं त्याला सांग." त्यांनी पुन्हा खोकं उचललं. मग जरा थांबून म्हणाले, "परवा आपला जुना गिऱ्हाईक रस्त्यानं जाताना दुकानापुढं थांबला न्हाई. पलीकडून गेला. चाळीस वर्सांत पैल्यांदा."

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. पाऊस पडला नाही म्हणून सांगावं तसं बोलले. अजिनाथ दुकानाबाहेर आला तेव्हा त्याला रस्ता नीट दिसत नव्हता.

---

रविवारी सकाळी तो बाईंच्या घरी गेला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. दारात वॉकर उभा होता. पुढच्या खोलीत कॉटवर बाईंची आई, बनुबाई, उशाला टेकून बसलेल्या. लहानखुरी म्हातारी, कपाळावर गोंदण, पायावर गोधडी.

"आई, हे अजिनाथ. गॅरेजवाले," बाई मोठ्यानं म्हणाल्या. म्हातारीला कमी ऐकू यायचं.

"गाडी नीट केली त्योच का?" बनुबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. "बस रं लेकरा. लई गुन झाला तुजा. संगमनेरापून हितवर आनलं हिनं मला, पन पोटातलं पानी हाललं न्हाई. त्या दिशी मातर... इचारूच नको."

त्यांनी कोरडा, सुरकुतलेला हात पुढं केला आणि अजिनाथच्या मनगटावर ठेवला. अजिनाथला तो हात काढून घेता येईना आणि राहू देताही येईना. तो तसाच खुर्चीच्या कडेवर बसला आणि बाईंकडं न बघता बोलायला लागला.

"बाई, ते प्लग म्या बदललेच नव्हते."

बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना आधी समजलंच नाही.

"कुठले?"

"पैल्यांदा. आगस्टात. काकांचं दुकान बंद हुतं. म्या जुनंच घासून लावलं. तुमाला सांगनार हुतो, पन तुमी इचारलं झालं का, अन् मी झालं मनलो. मग तोंडच उघडलं न्हाई. फोनवरबी काकांचं नाव मीच खोटं घेतलं. त्यांच्याकडनं काय आलंच नव्हतं."

बनुबाई एकदा लेकीकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या. "काय म्हनतोय ह्यो?" त्यांनी विचारलं. बाईंनी तांब्या टेबलावर ठेवला. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आणि मला दिले होते ते तीन प्लग? ते कुणाचे?"

"भंगारातलं."

"ते मी वर्गात दाखवलेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ठिणगी कशी पडते हे शिकवताना. तुमच्या मोनिकानं ते हातात धरून पोरांना सांगितलं, हे माझ्या पप्पांनी बदललेत."

अजिनाथनं मान खाली घातली. फरशीवरच्या नक्षीचे चौकोन त्याला दिसत होते, बाकी काही दिसत नव्हतं. मनगटावरचा म्हातारीचा हात अजून तसाच होता.

"ती घाटात ओरडत होती तेव्हा मी स्वतःला शिव्या घालत होते," बाई म्हणाल्या. "मी नीट चालवत नाही म्हणून. आणि तुम्हाला माहीत होतं."

"त्या दिवशी म्हाईत न्हवतं, बाई. आईचं नंतर कळलं."

"नंतर कळलं तेव्हा? माझ्यासमोर गाडी उघडून उभे होतात तेव्हा?"

बाई खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग वळल्या तेव्हा त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा, कोरडा झाला होता.

"मला सांगून भागणार नाही. मी काकासाहेबांना चारचौघांत बोललेय. मलाही चारचौघांत जाऊन ते परत घ्यावं लागेल. शनिवारी मी जाणार आहे. तुम्ही या किंवा येऊ नका."

नेहमीचं "भाऊ" त्या बोलल्या नाहीत. तो उठला. दारापर्यंत गेला तर मागून बनुबाईंचा आवाज आला, "चहा तरी दे गं त्याला." बाई जागच्या हलल्या नाहीत. तोही थांबला नाही.

---

शनिवारी बाजार ऐन भरात असताना ते दोघं काकासाहेबांच्या दुकानात गेले. एकत्र नाही, बाई आधी आणि तो दहा पावलं मागं. काउंटरवर सात-आठ गिऱ्हाइकं होती, त्यांत दोन गॅरेजवाले. बाईंनी हात जोडले.

"काकासाहेब, गेल्या वेळी मी इथं उभं राहून तुम्हाला नको ते बोलले. चूक माझी होती. माफ करा."

"आवं बाई, ऱ्हाऊ द्या," काकासाहेब गडबडले.

बाईंनी मागं बघितलं. सगळ्यांनीच मागं बघितलं. अजिनाथला वाटलं, पाय वळवावेत आणि बैलबाजाराच्या गर्दीत शिरावं. पण तो बोलला. घरी दहा वेळा घोकलेली वाक्यं आठवली नाहीत, जे आलं ते बोलला. काकांच्या दुकानातून डुप्लिकेट माल गेला नाही, कधीच गेला नाही. प्लग मी बदलले नव्हते, बदलले म्हणून सांगितलं आणि नाव काकांचं घेतलं. आवाज इतका बारीक निघाला की मागचा एक म्हणाला, "काय, काय म्हनला?" मग त्याला सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड होतं.

कुणी शिवी दिली नाही. एक गॅरेजवाला खाली बघून हसला. काकासाहेबांनी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमाला काय पायजे?" आणि दुकान पुन्हा चालू झालं.

काकासाहेबांकडची गिऱ्हाइकं महिन्याभरात परत आली. अजिनाथची मात्र कमी झाली. बँकेतल्या साहेबांची गाडी श्रीगोंद्याला जायला लागली. राहिलेले लोक काम चालू असताना बाकड्यावर न बसता बॉनेटपाशी उभे राहायला लागले. कुणी विचारलं, की प्लग किती दिवसांनी बदलायचे, तर तो आता आकडा सांगून मोकळा होत नसे. खोलून दाखवी, नव्याशेजारी जुना धरी, आणि दुकान बंद असलं तर "आज मिळत न्हाई, झालेलं न्हाई" असं सांगे. लोक बघत, मान डोलवत. त्या मान डोलवण्यात काय आहे, हे त्याला कळायचं.

खरं अवघड घरी होतं. मोनिकाला त्यानं स्वतःच सांगितलं, शाळेत दुसऱ्याकडून कळायच्या आत. तिनं ऐकून घेतलं आणि दप्तर भरलं. दुसऱ्या दिवशी तो तिला नेहमीसारखा मोटारसायकलवर शाळेत सोडायला निघाला, तर शाळेच्या अलीकडच्या वळणावर ती म्हणाली, "पप्पा, इथंच सोडा."

"गेटपतुर येतो की."

"नको. इथंच."

ती उतरली आणि झपाझप चालत गेली. त्यानंतर रोज त्या वळणावर तो गाडी थांबवायचा. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पोरगी उतरायची, "जाते" म्हणायची आणि चालायला लागायची. ती गेटातून आत जाईपर्यंत तो तिथंच उभा राहायचा.

परीक्षेच्या दिवशी सवयीनं त्यानं वळणावर गाडी थांबवली. मागं हालचाल झाली नाही.

"उतर की," तो म्हणाला.

"पुढं चला," मोनिका म्हणाली. "पेपरला उशीर होईल."

अजिनाथनं गाडी पुढं घेतली. गेटाशी सत्यशीलाबाई पोरांना रांगेत उभं करत होत्या. त्यांनी मोनिकाला बघून आत जा म्हणून खूण केली. अजिनाथकडं त्यांची नजर गेली, तेव्हा त्यानं हात जोडले. बाईंनी मान थोडी हलवली, आणि पुन्हा रांगेकडं वळल्या. अजिनाथनं गाडी वळवली आणि गॅरेजच्या रस्त्याला लागला.